अ‍ॅप्टेराची वाट बघावी की सरळ दुसरी इलेक्ट्रिक गाडी घ्यावी?

मृण्मयी_फ्रीमाँट

नमस्कार मंडळी. इथे गाड्यांमधलं कळणारे बरेच जण आहेत आणि अमेरिकेतले पण खूप आहेत म्हणून जरा सविस्तर विचारतेय.

अ‍ॅप्टेरा म्हणून तीन चाकी सोलर इलेक्ट्रिक गाडी आहे, कंपनी सॅन डिएगोच्या वर कार्ल्सबॅडला. ती मी शंभर डॉलर भरून बुक करून ठेवलीये, पैसे मागितले तर परत मिळतात. आता आमची जुनी कोरोला थकलीये, मेकॅनिक म्हणतो ट्रान्समिशनवर आता खर्च करू नका, म्हणजे येत्या काही महिन्यांत काहीतरी ठरवावं लागणार. नवऱ्याची दुसरी गाडी आहे, मोठी, त्यामुळे माझी फक्त ऑफिसला जायला आणि मुलीला शाळेतून आणायला लागते.

मला हीच गाडी का हवीये ते सांगते म्हणजे उत्तर द्यायला सोपं पडेल. आम्ही कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला अपार्टमेंटमध्ये भाड्याने राहतो, कारपोर्ट आहे पण चार्जर नाही. ऑफिस सनीव्हेलला, ८८० आणि २३७ या हायवेंवरून जाऊन येऊन साधारण ३२ मैल. ऑफिसच्या पार्किंगचा सगळ्यात वरचा मजला उघडा आहे आणि तिथे कायम जागा असते कारण उन्हामुळे बाकीचे कोणी वर येत नाहीत. अ‍ॅप्टेराच्या अंगावर ७०० वॅटचे सोलर सेल आहेत आणि कंपनी म्हणते चांगल्या उन्हात दिवसाला ४० मैलांपर्यंतची वीज नुसत्या उन्हातून मिळेल. म्हणजे माझं रोजचं जाणं-येणं प्लग न लावता. शिवाय मला ती कल्पनाच फार आवडते, एका माणसाला ऑफिसला न्यायला चार-साडेचार हजार पौंडांचं धूड कशाला हलवायचं? ही त्याच्या निम्म्याच्या आसपास वजनाची, एका युनिट विजेत दहा मैल जाणारी. इतका विचार करून बनवलेली गाडी दुसरी कुठली मला दिसत नाही.

पण २०२० च्या डिसेंबरमध्ये बुकिंग उघडलं तेव्हा किंमत २५,९०० डॉलरपासून सांगितली होती, २०२३ च्या जानेवारीत पहिल्या एडिशनची ३३,२०० झाली, आता ४०,००० च्या आसपासची भाषा आहे. लास व्हेगासच्या सीईएस प्रदर्शनात जानेवारी २०२५ मध्ये प्रॉडक्शनच्या जवळ जाणारी गाडी दाखवली, ऑक्टोबरमध्ये कंपनी नॅसडॅक शेअर बाजारावर पण आली. ग्राहकाच्या हातात अजून एकही गाडी नाही. नवरा म्हणतो शेव्हरोलेची सेकंडहँड इलेक्ट्रिक बोल्ट घे आणि मोकळी हो.

तर थांबू का? आणि कोणी असली तीन चाकी चालवलीये का, हायवेवर ६५-७० ला स्थिर असते का? लायसन्स, इन्शुरन्सचं काय? सगळ्याच बाजूंनी सांगा.

---

गाडीवान_मिशिगन

स्थिरतेचं मी सांगतो, माझं कामच सस्पेन्शनचं आहे.

आपल्याला तीन चाकी म्हटलं की रिक्षा आठवते आणि रिक्षा वळणावर कशी दोन चाकांवर येते ते सगळ्यांनी पाहिलंय. पण रिक्षाला पुढे एक चाक आणि मागे दोन. वळताना तुम्ही ब्रेक मारला की वजन पुढे आणि बाहेरच्या कोपऱ्याकडे जातं, आणि नेमकं त्या कोपऱ्यात चाकच नसतं. म्हणून ती कलंडते. इंग्लंडमध्ये रिलायंट रॉबिन होती, तिचंही हेच दुखणं.

अ‍ॅप्टेरात उलटं आहे, पुढे दोन आणि मागे एक. ब्रेक मारल्यावर वजन जिथे जातं तिथे चाक हजर असतं. त्यात तिची पुढची दोन चाकं खूप लांब लांब ठेवलीयेत, बॅटरी खाली तळाला आहे, आणि सगळ्यात जड गोष्टी पुढच्या चाकांच्या जवळ ठेवल्या की गाडी उलटायचा धोका चार चाकीच्या जवळपास आणता येतो. हा आकार नवीन नाही, मॉर्गनवाले शंभर वर्षांपूर्वी असल्या गाड्या बनवत होते आणि इथे पोलॅरिसची स्लिंगशॉट २०१४ पासून रस्त्यावर आहे. मी स्लिंगशॉट चालवलीये, वळणावर जमिनीला चिकटून राहते, त्या बाबतीत मनात शंका ठेवू नका.

पण दोन गोष्टी बघा. एक म्हणजे रस्त्यावर पडलेला टायरचा तुकडा, खड्डा वगैरे आपण नेहमी दोन चाकांच्या मध्ये घेतो. इथे मध्ये चाक आहे. पुढच्या चाकांनी चुकवलेला खड्डा मागचं चाक घेणार, सवय बदलावी लागते. दुसरं म्हणजे मागचं एकच चाक पंक्चर झालं तर गाडी कशी वागते हे कंपनीला नीट विचारा. कॅलिफोर्नियात बर्फाचा प्रश्न नाही, नाहीतर इथे मिशिगनला गाड्यांच्या चाकांनी बर्फात दोन चर पडतात आणि मधला उंचवटा तसाच राहतो, त्या उंचवट्यावरून तिसरं चाक न्यायचं म्हणजे मी तरी हिवाळ्यात काढणार नाही.

अजून एक, आधी या गाडीत चाकांच्या आत मोटर बसवणार होते, स्लोव्हेनियाच्या एलाफे कंपनीच्या. नंतर ते सोडून व्हिटेस्को कंपनीचं तयार ड्राइव्ह युनिट, म्हणजे मोटर-गिअरचा एकत्र संच, घेतलं, पुढच्या चाकांना. बरेच चाहते नाराज झाले पण माझ्या मते हा त्यांचा सगळ्यात शहाणा निर्णय. जे बाजारात तयार मिळतं, टेस्ट झालेलं आहे, ते घ्या आणि आपली अक्कल बॉडी आणि सोलरवर खर्च करा. छोट्या कंपनीने सगळंच नवीन करायला घेतलं की संपतेच.

---

जुना_सॅनडिएगोकर

मृण्मयीताई, तुम्हाला एक इतिहास माहीत असायला हवा कारण नवीन लोकांना वाटतं ही कंपनी २०१९ ची आहे.

अ‍ॅप्टेरा ही दुसऱ्यांदा जन्मलेली कंपनी आहे. पहिली अ‍ॅप्टेरा स्टीव्ह फॅम्ब्रो आणि ख्रिस अँथनी यांनीच काढली होती, वीस वर्षांपूर्वी. तेव्हा मी तिकडे राहायला होतो आणि ती पांढरीशुभ्र थेंबासारखी गाडी सगळ्या मासिकांत झळकत होती. आकार जवळपास हाच, तीन चाकं हीच. तेव्हा पण लोकांनी डिपॉझिट भरलं होतं. मग गुंतवणूकदारांनी डेट्रॉइटकडचा मॅनेजर आणला, दोघे संस्थापक बाहेर पडले, सरकारी कर्जाच्या मागे कंपनी लागली आणि ते कर्ज काही हातात आलं नाही. २०११ च्या शेवटी कंपनी बंद. एकही गाडी ग्राहकाला मिळाली नाही. मात्र बंद करायच्या आधी लोकांचे डिपॉझिट परत केले होते, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं.

२०१९ मध्ये तेच संस्थापक परत आले आणि यावेळी मोठ्या गुंतवणूकदारांकडे न जाता हजारो सामान्य लोकांना शेअर विकून पैसा उभा केला, शंभर मिलियन डॉलरच्या वर. कॅलिफोर्निया एनर्जी कमिशनने पण २०२३ मध्ये २१.९ मिलियनची ग्रँट मंजूर केली, पण त्यात आपलाही पैसा घालावा लागतो, नुसती ग्रँट हातात येत नाही. मला त्या दोघांबद्दल आदर आहे. एकदा बुडाल्यावर त्याच स्वप्नासाठी परत उभं राहायला खरी जिद्द लागते. पण गाडी बनवणं आणि गाड्या बनवणं यात फार अंतर आहे. मोल्ड, टूलिंग, इटलीत मोडेनाला कार्बन बॉडी करून घेणं, सप्लायरना आगाऊ पैसे, हे सगळं पहिली गाडी विकायच्या आधी भरायचं असतं. प्रॉडक्शनला अजून भांडवल लागणार हे कंपनी स्वतः उघड सांगते.

बुकिंग ठेवा. पण कोरोला जाते आहे म्हणून या गाडीकडे बघू नका.

---

केदार_सोलर

विजेचा हिशोब मी करून देतो, सोलरमध्येच काम करतो, आणि मला हा विषय फार जवळचा आहे.

३२ मैल म्हणजे अ‍ॅप्टेराला साधारण ३.२ युनिट. आता ७०० वॅट हे सेल सगळे एकाच वेळी उन्हाकडे तोंड करून असतील तेव्हाचे. गाडीच्या अंगावर काही बॉनेटवर, काही डॅशवर, काही टपावर, काही मागे, सगळे वाकडे. त्यामुळे तीसएक टक्के कमी धरा. बे एरियात जुलैत दिवसाला सातेक तासांचं भरगच्च ऊन मिळतं, म्हणजे ०.७ गुणिले ७ गुणिले ०.७, साडेतीन युनिटच्या जवळ, ३४ मैल. तुमचं जाणं-येणं खरंच निघतं! डिसेंबरात तेच ऊन दोन-सव्वादोन तासांवर येतं, म्हणजे एक युनिट, १०-११ मैल. आणि उन्हाळ्यात वरच्या मजल्यावर दिवसभर तापलेल्या गाडीत बसून एसी लावलात की त्यातलं थोडं तिथेच जातं.

दुसरं, घरी तुमचा कारपोर्ट झाकलेला असणार. म्हणजे शनिवार-रविवार शून्य. घरून काम केलं त्या दिवशी शून्य. वर्षाचा विचार केला तर अर्धं किंवा थोडं जास्त उन्हातून आणि उरलेलं कुठूनतरी भरायचं. तरीही हे कमी नाहीये, मला तर थक्क करणारं वाटतं, पण प्लग कधीच लागणार नाही असं धरून चालू नका.

आता खरी मजा. ही गाडी इतकी कमी खाते की भिंतीतल्या साध्या ११० व्होल्टच्या सॉकेटवर तासाला १३ मैल भरते. रात्रीत १३० मैल. आणि बोल्ट? त्याच सॉकेटवर तासाला चारेक मैल, दहा तासांत ४०. तुम्हाला हवेत ३२. म्हणजे कारपोर्टमध्ये एक साधं सॉकेट मिळालं की बोल्टने पण तुमचं काम भागतं! आधी तुमच्या कारपोर्टमध्ये फिरून बघा, बऱ्याच ठिकाणी दिव्यासाठी किंवा सफाईवाल्यांसाठी खांबावर सॉकेट असतं. ते सोसायटीच्या मीटरवर असेल त्यामुळे न विचारता लावू नका, मॅनेजमेंटला लेखी विचारा, महिन्याला ठरावीक पैसे द्यायची तयारी दाखवा. कॅलिफोर्नियात भाडेकरूने आपल्या खर्चाने चार्जर बसवायची लेखी विनंती केली तर घरमालकाला सहसा नाही म्हणता येत नाही, कायदा आहे, काही अपवाद आहेत ते वाचून घ्या.

पैशाचं पण बघा. वर्षाला ऑफिसचे साडेसात हजार मैल धरले तर अ‍ॅप्टेराला ७५० युनिट, बोल्टला दोन हजार. पीजीअँडई या वीज कंपनीचा इलेक्ट्रिक गाड्यांसाठीचा रात्रीचा दर तीस सेंटच्या आसपास, म्हणजे फरक वर्षाला चारशे डॉलरच्या आत. ४०,००० ची गाडी आणि सेकंडहँड बोल्ट यातला फरक या बचतीतून कधीच भरून निघणार नाही. त्यामुळे घ्यायची तर ती आवडली म्हणून घ्या, कमी वीज खाणं ही चांगलीच गोष्ट आहे म्हणून घ्या. पैसे वाचतील म्हणून नको.

---

मृण्मयी_फ्रीमाँट

केदार, खूप खूप आभार, इतका हिशोब करून दिलात! कारपोर्ट झाकलेलाच आहे. सॉकेटचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, उद्या सकाळी बघते. सॅनडिएगोकर, डिपॉझिट परत केले होते हे वाचून बरं वाटलं, पहिल्या कंपनीबद्दल मी इतकं खोलात वाचलं नव्हतं.

---

शलाका_जी

मृण्मयी, मी सॅन होजेत असते, मलाही दोन मुलं आहेत म्हणून वेगळ्या बाजूने लिहिते.

मुलगी केवढी आहे? कारण या गाडीला दोनच सीट आहेत, दोन्ही पुढे. कॅलिफोर्नियात आठ वर्षांखालच्या मुलांना कारसीट किंवा बूस्टरमध्ये मागच्या सीटवर बसवायचा नियम आहे, मागे सीटच नसेल तर पुढे बसवायची सूट मिळते, पण कायद्याने चालतं म्हणून आईच्या मनाला चालेल असं नाही, निदान माझ्या तरी नाही. आणि शाळेतून आणताना मैत्रिणीला पण सोडायचं असतं, कधी सायकल आणायची असते. आठवड्यात किती वेळा दोनापेक्षा जास्त माणसं होतात ते आधी मोज.

सुरक्षिततेबद्दल पण स्पष्ट सांगते. तीन चाकी म्हणजे फेडरल कायद्यात मोटरसायकल. त्यामुळे मोटारगाड्यांना लागू असलेले क्रॅशचे आणि एअरबॅगचे सक्तीचे नियम तिला लागू होत नाहीत. कंपनी म्हणते आम्ही एअरबॅग देणार, टेस्ट करणार, आणि ते करतीलही, पण सक्ती नाही हे लक्षात ठेवूनच टेस्टचे निकाल बघायचे. मी तरी ते निकाल बाहेर येईपर्यंत मुलीला त्यात बसवणार नाही.

आता चांगली बाजू. साधं क्लास सी लायसन्स चालतं, मोटरसायकलचं वेगळं काढावं लागत नाही. पूर्ण बंद गाडी असल्यामुळे हेल्मेटचीही सक्ती नाही. आणि ८८० वर रोज जाणाऱ्या माणसाला ज्याचं खरं मोल आहे ते म्हणजे कारपूल लेन, एकापेक्षा जास्त माणसं असलेल्या गाड्यांसाठी राखीव असते ती. इलेक्ट्रिक गाडीला एकट्याने त्या लेनमधून जाऊ देणारे स्टिकर ३० सप्टेंबर २०२५ ला बंद झाले, आता एकट्याने बोल्ट चालवलीस तर कारपूल लेन फुकट नाही. मोटरसायकलला मात्र आहे, आणि ही कागदावर मोटरसायकल. तुझा २३७ चा सकाळचा वेळ मला माहितीये, तिथे हे खूप आहे.

इन्शुरन्सला आत्ताच फोन करून विचार, ऑटो पॉलिसीत घेतात की मोटरसायकल पॉलिसीत, दोन्हींत कव्हरेज वेगळं असतं. आणि फेडरलची ७,५०० ची टॅक्स क्रेडिट होती तीही चार चाकांनाच होती, आणि आता तर सगळ्यांचीच गेली. त्यामुळे त्या नावाने काही धरू नकोस.

---

पेठेतला

पुण्यातून लिहितोय, अमेरिकेचं मला फारसं ठाऊक नाही, पण वाट बघण्याबद्दल बोलायचा आमच्या पिढीला अधिकार आहे.

माझ्या वडिलांनी बजाज स्कूटरला नंबर लावला होता. त्या काळी आठ-दहा वर्षं थांबावं लागायचं, लोक मुलगा शाळेत असताना नंबर लावायचे म्हणजे तो कामाला लागेपर्यंत येईल. बाहेरचं चलन भरलं तर लवकर मिळायची म्हणून परदेशातल्या नातेवाइकांकडून बुक करायचे. आणि नंबर लागून मिळालेली स्कूटर शोरूमबाहेर जास्त किमतीला विकली जायची. पण त्या वाट बघण्यात आणि तुमच्या वाट बघण्यात मोठा फरक आहे तो सांगायला मी लिहायला बसलोय. आकुर्डीचा कारखाना चालू होता. रोज स्कूटर बाहेर पडत होत्या, शेजारच्याकडे होती, तिचा आवाज, तिचे पार्ट, तिचा मेकॅनिक सगळं गल्लीत होतं. सरकारने लायसन्समध्ये जेवढ्या बनवायला परवानगी दिली तेवढ्याच बनायच्या, म्हणून रांग. आपला नंबर येणार याची खात्री होती, फक्त कधी ते ठरायचं होतं.

इथे वस्तूच बनायची आहे. पन्नास हजारांच्या आसपास लोकांनी नंबर लावलाय असं वाचतो, पण रांग पुढे सरकायला दाराच्या आत कोणीतरी काहीतरी बनवत असायला हवं. तुम्ही रांगेत कितव्या आहात याला त्यामुळे आज काही अर्थ नाही.

आमच्याकडे पण असे प्रयत्न चालू आहेत. पुण्याच्याच वायवे मोबिलिटीने ईव्हा नावाची छोटी सोलर गाडी काढलीये, जानेवारी २०२५ ला दिल्लीच्या एक्स्पोत किंमत जाहीर केली, बॅटरी भाड्याने घेतली तर सव्वातीन लाखांपासून. मुंबईच्या स्ट्रॉमने तीन चाकी आर३ चं बुकिंग २०२१ मध्ये दहा हजार रुपयांत घेतलं होतं, तिची रचना पण पुढे दोन आणि मागे एक. मला या सगळ्यांचं मनापासून कौतुक आहे. एकटा माणूस अख्खी एसयूव्ही घेऊन कर्वे रस्त्यावर अडकलेला रोज बघतो, त्याला उत्तर अशाच गाड्यांमधून निघणार. कोणीतरी नंबर लावल्याशिवाय या गाड्या बनणारही नाहीत, म्हणून शंभर डॉलर काढू नका, राहू द्या. रोजचं जाणं मात्र त्यावर टांगून ठेवू नका.

---

नीरज_जर्सी

सगळ्यांनी चांगलं लिहिलंय, मी जरा कडक लिहितो.

या प्रकारच्या गाड्यांचं काय झालं ते ओळीने बघा. इलेक्ट्रामेकॅनिकाची सोलो, एका माणसाची तीन चाकी, १८,५०० डॉलर, बनायची चीनमध्ये. चालता चालता पॉवर जायची म्हणून २०२३ मध्ये कंपनीने विकलेल्या सगळ्या ४२९ गाड्या परत विकत घेतल्या. आर्किमोटोची एफयूव्ही, ऑरेगनमध्ये यूजीनला, हँडलवाली, मागेपुढे दोन सीट. त्यांनी खरंच गाड्या बनवून लोकांना दिल्या, २०१९ पासून, आणि २०२३ च्या जानेवारीत पैसे संपले म्हणून प्रॉडक्शन थांबवलं. सोलरवाल्यांत हॉलंडची लाइटइयर, २०२३ च्या जानेवारीत प्रॉडक्शन बंद. जर्मनीची सोनो, सायन गाडीची पंचेचाळीस हजारांच्या वर बुकिंग हातात, फेब्रुवारी २०२३ ला प्रोजेक्टच बंद. म्हणजे बुकिंगचा आकडा मोठा असणं याने काहीही वाचत नाही. गाडी मिळाल्यावर कंपनी बंद पडणं हे गाडी न मिळण्यापेक्षा वाईट, कारण विंडशील्ड फुटलं, कार्बन बॉडीला धडक बसली, सॉफ्टवेअर अडकलं तर कुठे जाणार?

दुसरं आणि जास्त महत्त्वाचं. बुकिंग वेगळं आणि शेअर घेणं वेगळं. २०२३ मध्ये त्यांनी दहा हजार गुंतवा आणि पहिल्या दोन हजार गाड्यांत नंबर मिळवा अशी योजना काढली होती. ते दहा हजार गाडीचं डिपॉझिट नव्हतं, ते शेअर होते, गाडीच्या किमतीतून वजा होणारे नव्हते. मी इथल्या मराठी मंडळाच्या ओळखीत एकाला पाहिलंय, एका वेगळ्याच स्टार्टअपची इलेक्ट्रिक बाइक आवडली म्हणून आधी बुकिंग, मग शेअर, मग अजून शेअर असं करत गेला. बाइक आली नाही आणि शेअरचं आता कोणी काही देत नाही. गाडीवर प्रेम आहे म्हणून शेअर घेऊ नका, कंपनीचा ताळेबंद वाचून पटला तर घ्या. आता नॅसडॅकवर आहेत, कागदपत्रं सगळी एसईसीकडे, म्हणजे शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडे, उघडी असतात, रोख किती शिल्लक आणि दर तिमाहीला किती खर्च होतो एवढे दोन आकडे बघितले तरी पुरे.

माझं उत्तर: २०१७ ते २०१९ ची बोल्ट बघा, त्यांच्या बॅटऱ्या रिकॉलमध्ये, म्हणजे दोष निघाला म्हणून कंपनीने गाड्या परत बोलावल्या तेव्हा, बदलून दिल्यात आणि त्यावर आठ वर्षं किंवा एक लाख मैलांची नवी वॉरंटी आहे. गाडीच्या नंबरवरून डीलरकडे बॅटरी बदललीये का ते आधी तपासून घ्या. नवीनच हवी असेल तर २०२७ मॉडेलची बोल्ट जाहीर झालीये, २९,००० च्या आसपास, २०२६ च्या सुरुवातीला येणार असं कंपनीने सांगितलं होतं, टेस्लाचाच प्लग.

---

गाडीवान_मिशिगन

नीरज, सोलोचं उदाहरण बरोबर आहे पण एक फरक. सोलो ही वेगळं काही न करणारी छोटी गाडी होती. अ‍ॅप्टेराच्या हवेच्या रोधाचा आकडा, जो जितका कमी तितका चांगला, ०.१३ आहे, बाजारातल्या चांगल्या इलेक्ट्रिक सेडान ०.२० च्या आसपास असतात. हे इंजिनिअरिंग खरं आहे, उद्या कंपनी राहिली नाही तरी खरं राहील. म्हणून मला वाटतं यांना पूर्ण संधी मिळावी. बाकी पैशांबद्दल तुमच्याशी सहमत.

---

मृण्मयी_फ्रीमाँट

सगळ्यांचे मनापासून आभार. सॉकेट सापडलं! आमच्या ओळीच्या टोकाच्या खांबावर आहे, माझ्या जागेपासून तिसऱ्या गाडीजवळ. मॅनेजमेंटला लेखी पत्र दिलंय, जागा बदलून द्या आणि महिन्याला विजेचे पैसे घ्या म्हणून. मॅनेजमेंटच्या ऑफिसातली मुलगी म्हणाली ते सहसा हो म्हणतात, अजून दोघांनी मागितलंय.

तर ठरवलंय असं की बोल्ट घ्यायची, बॅटरी बदललेली बघून, आणि अ‍ॅप्टेराचं बुकिंग तसंच ठेवायचं. शेअर नाही घेणार. शलाका, मुलगी सहा वर्षांची आहे, तू लिहिलंस ते पटलं, आणि दोन-तीन वर्षांनी ती आठ ओलांडेल तेव्हा टेस्टचे निकाल पण आलेले असतील. मला अजूनही ती गाडी हवीच आहे, केदारच्या हिशोबाने उलट जास्तच हवीशी झालीये, उन्हाळ्यात तर खरंच माझं जाणं-येणं निघतंय.

एकच उरलं. ती पुढून खूप रुंद आहे असं गाडीवान म्हणाले, आमच्या कारपोर्टचे खांब जवळ जवळ आहेत. कोणाला माप माहितीये का?

---

गाडीवान_मिशिगन

८८ इंच रुंद, म्हणजे सात फूट चार इंच, लांबी १७२ इंच. सगळ्यात रुंद भाग चाकांवरच्या आवरणांचा आहे, माणसं बसतात तो भाग अरुंद आहे आणि मागे तर निमुळती होत जाते, त्यामुळे शेजारच्याला दार उघडायला त्रास नाही. तिची स्वतःची दारं वरच्या बाजूला उघडतात, म्हणून कारपोर्टच्या छताची उंची पण मोजून ठेवा. छोट्या (कॉम्पॅक्ट) गाड्यांसाठीच्या आठ फुटी जागेत दोन्हीकडे चार-चार इंच राहतील, फारच अडचण होईल, तिथे नको. तुमच्या खांबांमधलं अंतर नऊ फूट असेल तर बसेल.

---

मृण्मयी_फ्रीमाँट

मोजलं. आठ फूट दहा इंच. छत सात फुटांच्या वर आहे.

---

गाडीवान_मिशिगन

मग बसेल, मागे घेताना सावकाश घ्या. दारांसाठी छताची उंची पुरते का ते कंपनीला ईमेल करून विचारा, आणि उत्तर आलं की इथे टाका, इतरांना पण लागेल.